चावी कोणाच्या हाती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी सतरंजीवर बसून ऐकणारी. यंदा अध्यक्षाबाईंनी "दोन शब्द तुम्ही बोला" असा आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषण कसे करतात हे मला ठाऊक नाही. भरताच्या वांग्यांविषयी बोलायला सांगितले असते तर मी बिनघोर बोलले असते. पण त्यांनी विषय दिला तो मुलांच्या गाड्यांचा. तो मलाच का दिला, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना मीच सांगते. ती हकीगत दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेली बरी.

चार वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, आमच्या घरी नणंद आणि तिचे यजमान येणार होते. वरण-बट्टीचा बेत ठरला होता. ऐन वेळी डबा उघडून पाहते तो बट्टीचे जाडसर पीठ संपलेले! दिवेलागणीची वेळ झाली होती. हे शेतातून आले नव्हते. धाकटा दहावीत, वय पंधरा पूर्ण. स्कूटर दारात उभी आणि तिची चावी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला. मी चावी काढली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "भाऊ, गिरणीवरून पटकन दळण घेऊन ये."

तो गेला तसा आलाही लौकर. पिठाचा डबा त्याने पायांपुढे ठेवला होता. आमच्या गल्लीत वळताना डबा सरकला, हँडल पुरते फिरेना, आणि गाडी कडेने चाललेल्या आजींवर गेली. मी आवाज ऐकून धावले. रस्त्यावर पीठ सांडलेले, त्या पिठात आजींची एक चप्पल, आणि आजी भिंतीला टेकून पडलेल्या. खुब्याचे हाड मोडले होते.

भगिनींनो, पुढची गोष्ट मी आज प्रथमच चारचौघींत सांगते आहे. दवाखान्यात जाताना आमच्या घरातल्या एकांनी हळूच सुचवले, "गाडी वडील चालवत होते असे सांगू, म्हणजे पोरावर बालंट येणार नाही." आणि मी मान डोलावली. ज्या मुलाला खोटे बोलल्याबद्दल मी लहानपणी उन्हात उभे केले होते, त्याच्यासाठी मी खोटे बोलायला तयार झाले. यांनी नको म्हटले. पोराने तर आजींच्या मुलाला तोवर सांगूनही टाकले होते, "काका, गाडी मीच चालवत होतो."

आजींची शस्त्रक्रिया झाली. तीन महिने त्या अंथरुणावर होत्या. खर्च आम्हीच द्यायचा हे उघड होते. माझ्या पाटल्या त्यात गेल्या, त्याचे मला दुःख नाही. आजींच्या घरच्यांनी तक्रार केली नाही, हा त्यांचा मोठेपणा. मी रोज डबा घेऊन त्यांच्याकडे जात असे. एके दिवशी मी पोराला बोल लावू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, त्याला काय बोलतेस? खिळ्यावरची चावी त्याने काढली नव्हती."

त्या वाक्याने माझे डोळे उघडले. त्या आजी आज पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या आहेत. त्यांना आता खाली बसता येत नाही. त्यांची परवानगी घेऊनच मी हे सांगते आहे.

पुढे मी कायद्याची चौकशी केली. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. ती अशी की, अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत लायसन मिळत नाही. "मला माहीत नव्हते" असे नुसते म्हणून पालकाची सुटका नाही, ते त्याने सिद्ध करावे लागते. मी कसे सिद्ध करणार होते? चावी तर मीच दिली होती. विम्याचेही तसेच. चालवणाऱ्याजवळ लायसन नसेल तर विमा कंपनी भरलेला पैसा मालकाकडून वसूल करू शकते.

पुण्याला कल्याणीनगरात १९ मे २०२४ रोजी सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, प्राणास मुकले. त्या मुलाला जामिनावर सोडताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून देशभर संताप उसळला. आपणही सर्वजणी तेव्हा संतापलो. मीही संतापले. पण रात्री निजताना मनात आले, त्यांची मोटार महागाची, आपली स्कूटर साधी, एवढाच काय तो फरक. वयाआधी चावी दोन्ही घरांत मिळाली होती.

कोणी म्हणेल, सोळाव्या वर्षी लायसन मिळते ना? ही समजूत आपल्याकडे फार आहे. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने जे लायसन मिळते ते फक्त बिनगिअरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्या गाडीचे. आपल्या दारांत उभ्या असतात त्या स्कूटरी शंभराच्या वरच्या, ११० नाहीतर १२५ सीसीच्या. त्यांना वय अठराच लागते.

आता प्रश्न असा येतो की, मुलाला चावी द्यायची नाही तर कामे कोणी करायची? हे शेतात, मोठा बाहेरगावी, दळण आणायचे, औषध आणायचे, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे. मुलाला गाडी देतो ती पुष्कळदा त्याच्या हौसेखातर नव्हे, आपल्या अडचणीखातर. यावर मला एकच उपाय सुचला. बेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः गाडी शिकले.

प्रथम मला वाटले, सातवी शिकलेलीला लायसन कोण देणार? पण घरच्या गाडीच्या लायसनला शिक्षणाची अट नाही. शिकाऊ लायसनची परीक्षा मराठीतून देता येते. त्यात रस्त्यावरच्या खुणा आणि नियम विचारतात. वय चाळिशीच्या वर म्हणून डॉक्टरांचा दाखला लागला. शिकाऊ लायसन सहा महिने चालते, आणि ते मिळाल्यावर तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परीक्षेला बसता येत नाही. ते तीस दिवस मी पहाटे मोकळ्या मैदानावर भाचीला मागे बसवून चकरा मारल्या. पक्के लायसन तिच्याजवळ होते. दोनदा पडले. शेजारणी हसल्या, मीही हसले. पण नवशिक्याला काय काय कळत नाही, ते त्या दिवसांत मला अंगावर कळले. म्हणून पुढे जे सांगते ते पोलिसांचे सांगणे नव्हे, एका नवशिक्या बाईचे समजा.

पहिली गोष्ट वेगाची. पोराने मला वही घेऊन गणित करून दाखवले. ताशी ४० किलोमीटरने गाडी धावते तेव्हा एका सेकंदात ती ११ मीटर पुढे जाते. आपल्या मळ्यांत केळीच्या दोन ओळींत साधारण दीड मीटर अंतर असते. म्हणजे एका सेकंदात सात ओळी! समोर कुत्रे आडवे आले, ते डोळ्यांनी पाहिले, मनाने जाणले आणि हात ब्रेकवर गेला, एवढ्यालाच नवशिक्याचा एक सेकंद जातो. गाडी थांबायला सुरुवातही झाली नाही तोच सात ओळी मागे पडल्या. ताशी ६० ने गेलो तर अकरा ओळी. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. मुलांना नुसते "हळू जा" म्हटले तर ती ऐकत नाहीत. हे गणित त्यांच्याकडूनच करून घ्यावे.

दुसरी गोष्ट आपल्या रस्त्याची. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आपल्या गावावरून जातो. केळीचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, एस.टी., बैलगाड्या, सगळे त्याच रस्त्याने. फेब्रुवारी २०२१ मध्ये किनगावजवळ धुळ्याकडून रावेरकडे चाललेला पपईचा ट्रक मध्यरात्री उलटला आणि मालावर बसलेले निदान पंधरा मजूर दगावले. ती बातमी आपल्यापैकी कोणी विसरली नसेल. त्याच रस्त्याने आपली मुले शिकायला जातात. एक गोष्ट माझ्या स्वतः गाडी चालवू लागल्यावर ध्यानात आली. यावलहून फैजपूरला सकाळी जाताना सूर्य समोर असतो, आणि संध्याकाळी परतताना तो पुन्हा समोरच येतो. कॉलेजच्या मुलांच्या डोळ्यांवर दोन्ही वेळा ऊन. तशा वेळी पुढची बिनदिव्याची ट्रॉली अगदी जवळ जाईतो दिसत नाही. म्हणून पुढच्या वाहनापासून अंतर ठेवावे. ते मोजायची सोपी रीत सांगते. पुढचे वाहन एखाद्या झाडापाशी आले की मनात सावकाश म्हणावे, "एक घड केळी, दोन घड केळी." तोवर आपण त्या झाडापाशी पोचलो नाही तर अंतर ठीक. आधीच पोचलो तर आपण फार जवळ आहोत. ऊन समोर असेल, पाऊस असेल किंवा अंधार असेल तर चार घड मोजावेत. पावसाची पहिली सर येते तेव्हा तर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल आणि सांडलेले तेल यांनी रस्ता तुपासारखा निसरडा होतो.

तिसरी गोष्ट हेल्मेटची. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांत मागे बसलेलीही पुष्कळ होती. मैत्रिणींनो, मागे बसणाऱ्या कोण? आपणच ना? हेल्मेट कोपराला अडकवून नेणारी मुले पोलीस दिसला की ते डोक्यावर ठेवतात आणि पट्टा तसाच लोंबत ठेवतात. पट्टा न लावलेले हेल्मेट धडक बसताच डोक्याआधी रस्त्यावर जाते. "केस बिघडतात, उकडते" ही सबब मीही सांगत असे. वैशाखातले आपले ऊन मला नवे नाही. पण डोक्याला आतून रुमाल बांधला की घाम डोळ्यांत येत नाही, हे करून पाहावे.

चौथी गोष्ट आपल्या पदराची. एका अंगाने बसलेल्या बाईचा पदर किंवा मुलीची ओढणी मागच्या चाकात गेली तर काय होते, ते सांगायला नको. मागच्या चाकाला साडीची जाळी असावी असा नियमच आहे. पण गाडी छान दिसावी म्हणून पोरे ती काढून टाकतात. तसेच आरसे. घरातली गाडी आज घरी गेल्यावर पाहावी. जाळी आहे का, दोन्ही आरसे आहेत का, मागचा लाल दिवा लागतो का? एवढे पाहायला लायसन लागत नाही. आणि गाडीवर दोनच माणसे बसावीत. गुरुपौर्णिमेला व्यास मंदिराच्या गर्दीत तिघे-चौघे बसलेल्या गाड्या आपण दरवर्षी पाहतो. देवाला निघालो म्हणून गाडीचा तोल काही वाढत नाही.

पाचवी गोष्ट फोनची, आणि इथेही दोष मुलांवर ढकलू नये. मुलगा निघाला की दहा मिनिटांत आपण फोन लावतो, "कुठे पोचलास?" त्याने उचलला नाही की पुन्हा लावतो. तो एका हाताने गाडी धरून खिशात हात घालतो. मी माझ्या घरी ठरवून टाकले आहे. निघताना आणि पोचल्यावर त्याने सांगायचे, मध्ये मी फोन करायचा नाही. प्रथम जीव टांगणीला लागे, आता सवय झाली.

सहावी गोष्ट, लायसन मिळाल्यानंतरची. लायसन हातात आले म्हणजे मुलगा गाडीत तयार झाला असे नव्हे. सातवी पास झाले म्हणून मला पत्र लिहिता येऊ लागले, पण पुस्तक लिहिता येत नव्हते, तसेच हे. न्यूझीलंड देशात नव्या मोटारचालकाला काही काळ मधले लायसन देतात. त्या काळात रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत त्याने एकट्याने मोटार चालवायची नाही आणि एकटा असताना मित्रांना बरोबर घ्यायचे नाही. कारण रात्र आणि मित्रांची सोबत या दोन गोष्टी नवशिक्याला घातक ठरतात. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण घरचा नियम करायला कोणाची हरकत आहे? धाकट्याला अठरा पुरी झाल्यावर लायसन मिळाले तेव्हा आम्ही पहिल्या सहा महिन्यांसाठी चार नियम ठरवले. दिवस मावळल्यावर गाडी नाही. मित्र मागे बसवायचा नाही. भुसावळकडे तापीच्या पुलावरून जायचे तर प्रथम वडिलांबरोबर. आणि घरात भांडण झाले असेल तर त्या दिवशी गाडी नाही. हा शेवटचा नियम मी घातला. रागाने दार आपटून निघालेल्या पोराला रस्त्यात काय दिसणार?

त्याने कुरकुर केली नाही असे नाही. "सगळे मित्र हसतात," म्हणाला. मी म्हटले, "हसू देत. मी पडत होते तेव्हा मलाही हसले." तो नियम पाळतो की नाही हे पाहायला मी त्याच्यामागे जात नव्हते. पण आजींना दर महिन्याला तपासायला न्यायचे असते, त्या रिक्षात त्यांच्याबरोबर तो जातो. मी सांगितले म्हणून नव्हे, त्याचा तोच जातो. आजींचे चालणे त्याला रोज दिसते. दहा भाषणांनी होणार नाही ते त्याने होते, असे मला वाटते.

शेवटची गोष्ट. इतकी काळजी घेऊनही अपघात होऊ शकतो. मुलांना आधीच बजावून ठेवावे, पळून जायचे नाही. १०८ वर फोन करून अँब्युलन्स बोलवावी, पोलिसांसाठी ११२. दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तर "नंतर कोर्टकचेरी मागे लागेल" म्हणून तोंड फिरवू नये. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, असे संरक्षण आता कायद्यातच आहे. आणि घरी आलेल्या मुलाला आईने पहिला प्रश्न "गाडीला काय झाले?" असा विचारू नये. "कोणाला लागले का?" असा विचारावा.

बोलणे लांबले. पण मुलांना वळण लावण्याचे काम आपल्याकडे आईचे मानतात. शुद्ध बोलणे, वडिलांच्या पाया पडणे, ताटातले न टाकणे हे सारे आपण शिकवतो. रस्त्यावरचे वळण मात्र पोलिसांवर सोपवतो. मूल पाचव्या वर्षापासून आपल्या मागे गाडीवर बसते आणि मोठी माणसे कशी चालवतात ते पाहत असते. यांनी फाटकातून उलट बाजूने गाडी घातली तर तेही उद्या तसेच घालणार.

माझ्या मंडळाकडे दोन विनंत्या आहेत. ज्या भगिनींना गाडी शिकायची आहे त्यांना रविवारी पहाटे मैदानावर मी, माझी भाची आणि लायसन असलेल्या आणखी दोघीजणी मदत करू. ज्यांनी शिकाऊ लायसन काढले आहे त्यांनी ते घेऊन यावे. एका गाडीमागे एक लायसनवाली, असे बसू. आणि दुसरी अशी की, घरात अठरा वर्षांखालील मूल असेल तर गाडीची चावी खिळ्यावर ठेवू नये. आमच्याकडे ती आता माझ्या कपाटात पैशांच्या डब्याशेजारी असते.

त्या संध्याकाळी पाहुण्यांना बट्टीऐवजी पोळी वाढली असती तर काय बिघडले असते? कोणी नाव ठेवले नसते. आजी आज आपल्याबरोबर सतरंजीवर बसल्या असत्या. मुलाला "पटकन जाऊन ये" म्हणण्यापूर्वी प्रत्येकीने एवढे आठवावे, ही हात जोडून विनंती करते आणि आपली रजा घेते.